पाया खचलाय? सिमेंट भरायच्या आधी पाणी शोधा

नमस्कार मंडळी. ही भेग बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या उतरावी तशी जोत्यापर्यंत गेली. वर बोट शिरतंय, खाली केसाएवढी उरलीय. म्हणजे घराचा हा कोपरा खाली बसलाय. भेग खालच्या बाजूला रुंद असती, तर भिंतीचा मधला भाग बसलाय असं समजायचं.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, जिथे जिथे काळं रान आहे तिथे हे दुखणं घरोघरी. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पावसात ते पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आटतं. वैशाखात शेताला भेगा पडतात ना, अगदी तेच पायाखाली होतं. एका बाजूची माती ओली, दुसरीकडची कोरडी, मग पाया सारखा कसा राहणार?

म्हणून गवंड्याला बोलावून लगेच भेग बुजवू नका, कळकळीने सांगतोय. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल सुरूच आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. मात्र भेग झपाट्याने वाढत असेल, दारं-खिडक्या अडकायला लागल्या असतील, तर वाट बघायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच बोलवा.

दरम्यान पाणी शोधा. गळका पाइप, फुटलेलं चेंबर, पन्हळीचं पाणी थेट पायाशी पडणं, भिंतीला खेटून असलेलं मोठं झाड. हे दुरुस्त करा, घराभोवती बाहेर उताराचा पक्का कोबा घाला. पुष्कळदा घर इथेच स्थिरावतं.

नाहीच थांबलं, तर अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली नवा पाया. हे काम इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करायचंच नाही. सगळा पाया एकदम उघडला तर भिंत अंगावर येईल! साधारण मीटरभर लांबीचा एक खड्डा, मग मधला भाग तसाच सोडून पुढचा. मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत खोल जायचं, काँक्रीट भरायचं, पण जुन्या पायाच्या तळाशी दोन-तीन इंच फट ठेवायची. काँक्रीट घट्ट झालं की त्या फटीत जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूचा माल ठोकून ठोकून भरायचा. ही फट नीट भरली नाही, तर भिंतीचं वजन नव्या पायावर येतच नाही. इथे स्वतः उभे राहा. मधले भाग त्यानंतरच उघडायचे.

नवीन घर बांधणार असाल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, याबद्दल विचारा. रुडकीच्या सीबीआरआय, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे रुजवलं. खांबाच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असतो, बहुधा खांबाच्या अडीच पट रुंद. काळ्या मातीत खांब किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथवर ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही.

तुमच्या भेगेचा फोटो पाठवणार असाल, तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा.