मुलाला बोलू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

‘त’ आणि ‘ट’. या दोन आवाजांत कुणाची गल्लत होईल, असं आपल्या मनातही येत नाही. पण इंग्रजी बोलण्यात वाढलेल्या मोठ्या माणसाला हा फरक ऐकू येणं फार जड जातं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच हिंदीतले ध्वनी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र अगदी थोड्यांना. म्हणजे पहिला शब्द तोंडातून फुटायच्या सुमारास मेंदूने आपल्या भाषेचे ध्वनी निवडायला घेतलेले असतात.

मग भाषेचे आवाज नुसते कानावर पडले की पुरे का? तर नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणसं समोर बसून, पुस्तकं-खेळणी दाखवत बोलली. काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. समोरासमोरच्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. लहानग्याच्या हातात मोबाइल देऊन ‘तेवढीच भाषा सुधारेल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग जाणून घ्यावा, असं मला फार वाटतं.

तीन वर्षांचं मूल सांगतं, “मी करलं.” घरात ‘करलं’ कुणी म्हणत नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून त्याने स्वतः नियम काढला आणि लावला! अशा वेळी “चूक, केलं म्हण” असं दटावण्यापेक्षा “अरे वा, तू केलंस? कसं केलंस?” एवढं विचारावं. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि बोलणंही तुटत नाही.

वाचनाचं मात्र वेगळं आहे. बोलणं मूल माणसांत राहून उचलतं, पण वाचनासाठी मेंदूत जन्मतः तयार जागा नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांतलाच एक कोपरा सरावाने अक्षरांसाठी घडवावा लागतो. म्हणून कोणत्या अक्षराचा कोणता आवाज, हे नीट, क्रमाने शिकवायलाच हवं. बघून बघून येईल म्हणून सोडून देऊ नये.

आता शिक्षकांना एक विनंती. शिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येऊ लागतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. यासाठी साहित्य लागत नाही, की वेगळा तासही. उद्या वर्गात प्रश्न विचारलात की मनातल्या मनात तीन आकडे मोजा, आणि पहिला हात वर आला तरी लगेच त्याचं नाव घेऊ नका.

नमस्कार.