टीचर, हे चुकलं का?

(दृश्य : दक्षिण कोरियातलं देगू शहर. तिसऱ्या मार्गाची मोनोरेल. दुपार.)

खिडकीकडे बघत राहा. आत्ता बाहेरचं सगळं दिसतंय. नदी, पूल, दुकानांच्या पाट्या. आणि आता... गेलं. काच पांढरी झाली.

बिघाड नाहीये. इथे गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते. लोकांच्या घरात डोकावायला नको म्हणून तेवढ्यापुरती काच आपोआप धुरकट होते. इमारती सरल्या की पुन्हा स्वच्छ. मी डोंबिवलीचा माणूस, लोकलमधून कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते बघत मोठा झालेला. मला ही काच जरा अतीच सभ्य वाटली.

खिडकीशी बसलीये ती माझी मामेबहीण. मी ताई म्हणतो, कारण दोन वर्षांनी मोठी आहे आणि तसं म्हटलं नाही तर ऐकवते. जन्म डोंबिवलीचा, पाचवीपर्यंत मराठी शाळा, मग मामाची नोकरी कॅनडात लागली आणि सगळे तिकडे गेले. देगूत तिचं हे चौथं वर्ष. ती इथल्या मुलांना इंग्रजी शिकवते.

कॅमेरा बाहेर काढायच्या आधीच तिनं बजावलं होतं, एकाही मुलाचा चेहरा दिसता कामा नये. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला हात दिसतील, वह्या दिसतील आणि खूप सपाता दिसतील.

(दृश्य : दारातलं कपाट. बूट काढून सपाता घालणारे लहान पाय.)

ही तिच्या कामाची जागा. कोरियन भाषेत अशा खासगी शिकवणीला म्हणतात हाग्वन. मराठी कानाला हा शब्द कसा लागतो ते मी सांगायला नको. ताईनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मामी बराच वेळ काही बोललीच नाही.

हाग्वन गणिताचं असतं, पियानोचं असतं, तायक्वांदोचं असतं, पण इंग्रजीचा मान वेगळा. देगूच्या सुसाँग भागात तर एकाच इमारतीत चार मजल्यांवर चार पाट्या. शाळा सुटली की पिवळ्या गाड्या मुलांना उचलतात आणि एका शिकवणीतून दुसरीत पोचवतात. सोलमध्ये रात्री दहानंतर शिकवणी चालवायला बंदी आहे, देगूतही तसंच. दहाला बंदी घालावी लागते यावरूनच काय ते समजा.

(दृश्य : फळा. वहीवर लाल पेन.)

ताईचा कोरियातला पहिला आठवडा. तेव्हा ती सरकारी प्राथमिक शाळेत होती. तिसरीचा वर्ग, दहा शब्दांची चाचणी. एका मुलीची दहाच्या दहा उत्तरं बरोबर. ताईनं आपण मारतो तशा दहा टिका मारल्या आणि वही परत दिली. मुलीनं वही बघितली. ओठ थरथरले. आणि हुंदके सुरू.

कोरियात बरोबर उत्तराला गोल काढतात. चुकलं की तिरपी रेघ. आपली टिक त्यांना त्या रेघेसारखीच दिसते. त्या पोरीला वाटलं, दहाच्या दहा चुकले. शेजारचा मुलगा विचारत होता, ‘टीचर, हे चुकलं का? हे पण चुकलं?’

त्याच आठवड्यात तिनं फळ्यावर मुलांची नावं लाल खडूनं लिहिली. वर्ग एकदम चिडीचूप. जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहायचं नसतं, ते अशुभ. सहशिक्षिका धावत आली आणि पुसून टाकलं. इंग्रजी शिकवायला आलेल्या माणसाला आधी खडू आणि पेन धरायला शिकावं लागतं, असं ताई म्हणते.

(दृश्य : ताईच्या खोलीतलं टेबल. कागदांची फाइल.)

आता या फाइलकडे बघू. पदवीचं प्रमाणपत्र, कॅनडाच्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे कॅनडाचा निळा पासपोर्ट.

इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसाला इथे ई-टू म्हणतात. तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला सीपा हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहायक म्हणून घेण्याची वाट ठेवलेली आहे. या व्हिसावर हाग्वनची दारं मात्र त्या सात पासपोर्टांनाच उघडतात.

सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्याचा ‘एपिक’ हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. त्याची एक अट अशी की जन्म दुसरीकडचा असेल तर निदान सातवीपासूनचं शिक्षण त्या सात देशांपैकी एकात झालेलं असावं. ताई कॅनडात गेली सहावीत. एका वर्षानं वाचली.

मला ही गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते, आणि थोडी चीड आणणारीही. टोरांटोजवळच्या शाळेत गेल्यावर पहिले सहा महिने ताई वर्गात तोंड उघडायची नाही. तिचं ‘वॉटर’ ऐकून मुलं हसायची. आता तिच्याकडे येणारे पालक म्हणतात, आमच्या मुलाचा उच्चार तुमच्यासारखा व्हायला हवा. माणूस तोच. मध्ये फक्त पासपोर्ट बदललाय.

आणि रस्त्यावर तो पासपोर्ट दिसत नाही. देगूच्या पश्चिमेला सॉन्गसॉची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या कारखान्यांत दक्षिण आशियातले बरेच कामगार आहेत. तूरडाळ आणायला ताई तिकडेच जाते. बसमध्ये एखादे आजोबा विचारतात, ‘नेपाल?’ आणि पुढे, ‘कुठल्या कारखान्यात?’ ती म्हणते, इंग्रजी शिकवते. आजोबा सरसावून बसतात, क्रियापदाचा शेवट बदलतो. तुझं एकदम तुमचं होतं.

(दृश्य : वर्ग. मुलांचे आवाज, चेहरे नाहीत.)

ऐका. ‘आ-इ-सु-खु-रिम.’ म्हणजे आइस्क्रीम. कोरियन लिपीत दोन व्यंजनं आपल्यासारखी जोडून लिहिता येत नाहीत, मध्ये स्वर घालावाच लागतो. स्ट्राइक हा एका दमाचा शब्द तिथे पाच तुकड्यांचा होतो. हसू नका. आपल्याकडे ‘इस्टेशन’ आणि ‘इस्कूल’ म्हणणारी माणसं काय करत होती? तेच. फक्त आपण स्वर पुढे लावला, त्यांनी मध्ये घातला.

‘फ’चंही तसंच. इंग्रजीतला एफ कोरियनमध्ये नाही. मुलं ‘खॉफी’ म्हणतात आणि त्यातला फ अगदी फणसातला असतो. आमचे आजोबा ‘फोन आलाय’ म्हणायचे तोच फ. वरच्या दातांनी खालचा ओठ हलकेच दाबायचा, हे शिकवायला ताईनं पहिल्या वर्षी आरसे आणले होते. अर्धा तास मुलं आरशात तोंडं वेडावत बसली.

ताई कोरियन मात्र भराभर शिकली. ‘नानुन हाक्योए गायो.’ मी, शाळेत, जाते. शब्दामागून शब्द ठेवला तरी मराठी वाक्य तयार. इंग्रजीत हे सगळं उलटं करावं लागतं आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात. ‘आय स्कूल गो.’ बाकीचे परदेशी शिक्षक डोक्याला हात लावतात. ताईला ती चूक कुठून आली ते आतून माहीत असतं, तिनंही एकदा तीच केली होती.

(दृश्य : ताटलीत वाढणारे हात. स्टीलचा खणांचा ताट-ट्रे.)

हे जुन्या शाळेतलं. त्या वर्षीचं तिला सगळ्यात जास्त आठवतं ते दुपारचं जेवण. स्टीलचा खणांचा ट्रे, खाली डावीकडे भात, उजवीकडे सूप, वर भाज्या आणि रोज किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी. ताई मांस-मासे खात नाही. इथे हे समजावणं कठीण. ‘गोगी’ म्हणजे मांस, पण ते नको म्हटलं की लोक डुकराचा तुकडा काढतात आणि हॅम ठेवतात. हॅम म्हणजे काही गोगी नव्हे! सूप सुकटीच्या पाण्यात उकळलेलं, आणि किमचीतसुद्धा बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी असते, हे कळायला तिला दोन महिने लागले. तोवर ती खुशाल खात होती. मामीला सांगू नका, ही फिल्म ती बघणारच नाही असं धरून चाललोय.

त्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी शेवटी तिच्यासाठी रोज एक अंडं बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. खानावळीत वाढणाऱ्या बाईला इथे ‘इमो’ अशी हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे मावशी. हा शब्द कळला त्या दिवशी ताईनं मला मध्यरात्री फोन केला होता.

राहण्याचं थोडक्यात सांगतो. ‘वनरूम’, म्हणजे एक खोली, तिचं भाडं हाग्वन भरतं. जमीन खालून तापते, थंडीत अंथरूण घातलं की उठवत नाही. महिन्याचा पगार २३ लाख वॉन. लाख ऐकून हुरळू नका, एका रुपयाला साधारण १६ वॉन पडतात. वर्ष पुरं केलं की कायद्यानं सुमारे एक महिन्याचा पगार जादा मिळतो. म्हणूनच एका ठिकाणी तिच्यापुढे अकरा महिन्यांचा करार ठेवला होता. तिनं वाचला आणि न बोलता उठून आली. पेन्शनचे कापलेले पैसे देश सोडताना कॅनडाच्या माणसाला एकरकमी परत मिळतात, ब्रिटनच्या माणसाला नाही. दोघांचं काम एकच, वर्गही शेजारी शेजारी.

(दृश्य : नोव्हेंबर. शाळेचं बंद फाटक. आकाश.)

हा दिवस सुनुंगचा. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअर बाजार एक तास उशिरा. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात. आणि दुपारी १.०५ ते १.४०, इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना, देशभरात विमानं उडत नाहीत, उतरत नाहीत. देगूचा विमानतळ शहरातच आहे, एरवी लढाऊ विमानांच्या आवाजानं बोलणं थांबवावं लागतं. ती पस्तीस मिनिटं मी गच्चीवर रेकॉर्डर लावून उभा होतो. तुम्ही आत्ता ऐकताय तो आवाज त्याचाच आहे. खाली कोणीतरी कोबी चिरतंय.

हल्ली या परीक्षेची तयारी फार लवकर सुरू होते. नामांकित हाग्वनमध्ये शिरायलाच प्रवेश परीक्षा, आणि ती द्यायची बालवाडीच्या वयात. वर्तमानपत्रांनी तिला नाव दिलंय ‘सात वर्षांच्या मुलांची स्पर्धा परीक्षा’ (कोरियन मोजणीनं सात, आपल्या मोजणीनं पाच-सहा). त्याच देशात २०२३ चा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ होता. सरकारी शाळांचे वर्ग ओस पडतायत आणि ताईच्या वर्गात जागा नाही. तिला विचारलं, तुला याचं काय वाटतं? ती वह्या तपासत होती. म्हणाली, ‘रात्री साडेआठला डुलक्या काढणाऱ्या पोराला मी उठवत नाही. एवढंच माझ्या हातात आहे. कॅमेरा बंद कर.’

(दृश्य : रात्रीची मोनोरेल. काच धुरकट होते.)

परत आल्यावर मी हे निवेदन लिहिलं आणि तपासायला ताईला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पानांचे फोटो आले. पानोपानी लाल गोल. आपल्याकडे मास्तर कशाभोवती गोल काढतात ते तुम्हाला माहीत आहे. मी घाबरून फोन लावला, ‘ताई, एवढं चुकलं का गं?’

पलीकडून आधी फक्त हसण्याचा आवाज आला.