आधी जाळी सोडायची

नमस्कार श्रोतेहो, जय ख्रिस्त. आज बोलायचंय ते देवाचं ऐकण्याबद्दल आणि त्याच्यावर भरवसा ठेवण्याबद्दल. आपण हे दोन वेगळे करून टाकतो, भरवसा म्हणजे प्रार्थना आणि आज्ञा पाळणं म्हणजे दारू-सिगरेट नको, एवढंच. तसं नाहीये ते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 5 व्या अध्यायात, कोळी पेत्र बघा, रात्रभर कष्ट करून हाती काही नाही, जाळी धुवायलासुद्धा घेतलेली, आणि सुताराच्या घरातला येशू त्या कोळ्याला सांगतो, खोल पाण्यात चल. पेत्र म्हणतो, तुझ्या शब्दावरून सोडतो. मासे नंतर आले. आधी जाळी सोडली, हे लक्षात ठेवा, आधी जाळी.

आता माझ्या आईची गोष्ट. 1986 साल, आम्ही पुण्यात रास्ता पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आजी गेली आणि तिचा तांब्याचा बंब धाकट्या काकूंनी न विचारता खडकीला नेला. आजीने तो आईला देते म्हणून सांगितलं होतं, आई दर शनिवारी चिंच-मीठ लावून घासायची, तोटी तर अशी चमकायची की त्यात तोंड दिसायचं. त्यावरून जे वाजलं ते तीन वर्षं बोलणंच बंद. चूक आईची नव्हती, हे मी आजही म्हणतो.

महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. पाळकसाहेबांनी मत्तयचा 5 वा अध्याय काढला. तेव्हा शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की अख्ख्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पानांचा आवाज यायचा.  वचन होतं वेदीजवळ दान आणल्याचं, तिथे भावाची आठवण झाली तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आई उठली. मला वाटलं प्रभुभोजनाला चालली, तर तिने दानाचं पाकीट शेजारच्या आजींच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ बाहेर जाऊन चपला घातल्या. मी धावत मागे.

पीएमटीच्या बसमध्ये बसल्यावर मी म्हटलं, "अगं, पण चूक तर काकूंची आहे ना?" ती म्हणाली, "शास्त्रात चूक कोणाची असं कुठंय? भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. तिच्या मनात आहे ना माझ्याविरुद्ध? मग झालं." मी म्हटलं, "दारच नाही उघडलं तर?" तर म्हणाली, "ते देवाने बघायचं. मला जा म्हटलंय, मी चाललेय."

मला जा म्हटलंय, मी चाललेय. श्रोतेहो, भरवसा याहून वेगळा असतो का?

काकूंनी दार उघडलं, हाताला कणीक लागलेली. आई म्हणाली, "तीन वर्षं तुला नावं ठेवत हिंडले, मला माफ कर." काकू कितीतरी वेळ तशाच उभ्या, बोटांची कणीक काढत. मग म्हणाल्या, "ताई, जेवून जा." मागे मोरीत बंब दिसत होता, पार काळा पडलेला. त्याचा विषय कोणीच काढला नाही आणि तो परतही आला नाही.

आपल्या दौंड लाईनवरच्या केडगावला हेच झालंय, फार मोठ्या प्रमाणावर. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. लहान वयात दुष्काळाने त्यांचेच आई-वडील नेले होते. एवढ्या मुलींना खाऊ काय घालायचं, पैसा कुठून येणार, याची सोय आधी नव्हती. आधी मुली आल्या, धान्य नंतर. त्यांनी केडगावला उभारलेलं मुक्ती मिशन आजही उभं आहे, पुण्यातून लोकलने जाऊन येता येतं, एकदा बघून या.

आणि हो, पाकिटाचं राहिलं. आम्ही परत आलो तोवर देवळाला कुलूप होतं. त्या आजींनी पाकीट आपल्या शास्त्रात मत्तयच्याच पानावर घालून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी काढून आईच्या हातात दिलं, आणि दानाची पिशवी आल्यावर आईने ते टाकलं. काकू त्या दिवशी आमच्याच बाकावर बसल्या होत्या.