बाविसाव्या मिनिटाला गप्प होणारा कॉल

इंटरनेटवरचं बोलणं पॅकेटांतून जातं. एका पॅकेटात साधारण 20 मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेटं. आवाज 150 मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोचला तर संभाषण सहज वाटतं. त्याहून फार उशीर झाला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवायला एवढ्यात सहसा सवड नसते. पॅकेटं क्रमाने पोचवण्याची हमी देणाऱ्या टीसीपी या पद्धतीत एक पॅकेट अडकलं की मागची सगळी तिष्ठत राहतात, म्हणून आवाजासाठी अशी हमी न देणारी यूडीपी.

आता याला कुलूप लावायचं, म्हणजे आवाज एन्क्रिप्ट करायचा. आधीचं पॅकेट पोचेलच याची खात्री नाही, तेव्हा प्रत्येक पॅकेट आपल्यापुरतं उघडता आलं पाहिजे. 2004 साली आलेल्या एसआरटीपी या आवाज एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीत किल्ली आणि पॅकेटाचा क्रमांक यांवरून बिटांची एक माळ तयार होते आणि ती आवाजाच्या बिटांवर चढवली जाते. हा क्रमांक 48 बिटांचा. पण पॅकेटाच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, असतात फक्त 16. उरलेले 32 बिट, म्हणजे ते 16 बिट किती वेळा भरून पुन्हा शून्यावर आले हे मोजणारा रोलओव्हर काउंटर, सहसा पाठवलेच जात नाहीत. दोन्ही बाजूंनी ते मनात मोजायचे! प्रत्येक पॅकेटात 4 बाइट वाचवण्याची ही काटकसर महागात कशी पडते ते पाहू.

16 बिटांत 65,536 क्रमांक बसतात. सेकंदाला 50 या गतीने ते 21 मिनिटं 51 सेकंदांत संपतात, मीटर पुन्हा शून्यावर येतो आणि काउंटर 0 चा 1 होतो. समजा, अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये आवाज हाताळणारा मीडिया सर्व्हर पडला आणि राखीव ठेवलेल्या स्टँडबाय सर्व्हरने त्याची जागा घेतली. किल्ली त्याच्याकडे आहे, काउंटर मात्र नाही. तो 0 धरून चालतो. पॅकेट खरं आहे ना, हे किल्ली आणि काउंटर वापरून पडताळलं जातं; त्यामुळे येणारं प्रत्येक पॅकेट पडताळणीत नापास होऊन टाकून दिलं जातं. वायरशार्क या पॅकेटं टिपून दाखवणाऱ्या साधनात बघाल तर सगळं आलबेल: हेडर एन्क्रिप्ट केलेला नसतो, क्रमांक ओळीने येताहेत, एकही पॅकेट हरवलेलं नाही. आवाज मात्र नाही. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष बहुधा सापडत नाही, कारण तोवर काउंटर 0 च असतो आणि अंदाज बरोबर ठरतो.

इथवर ही नुसती विश्वासार्हतेची तक्रार वाटते. पण स्टँडबाय सर्व्हर स्वतः जी पॅकेटं पाठवतो, तीही काउंटर 0 धरूनच. तीच किल्ली, तोच स्रोत, तोच क्रमांक, म्हणून पहिल्या फेरीत वापरलेली बिटांची माळ जशीच्या तशी पुन्हा वापरली जाते. दोन्ही फेऱ्यांतली पॅकेटं कुणी वाटेत टिपून ठेवली असतील तर त्याने ती एकमेकांशी एक्सऑर केली, म्हणजे एकाचे बिट दुसऱ्यावर चढवले, की माळ रद्द होते आणि हाती राहतं दोन आवाजांचं मिश्रण. ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, चोरून ऐकणाऱ्याला मात्र दुप्पट माल मिळतो. ‘दोन्हीकडचा काउंटर शून्य करून टाका’ हा उपाय तर याहून वाईट: आवाज परत येतो, तक्रार बंद होते आणि गळती चालूच राहते.

योग्य उपाय दोन. नवीन हँडशेक करून, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुन्हा बोलणी करून, नवी किल्ली घ्यायची. त्यात निरोपांच्या जाण्यायेण्याचा वेळ जातो आणि कॉल क्षणभर गप्प होतो. नाहीतर किल्लीबरोबर काउंटर आणि शेवटचा क्रमांकही स्टँडबायकडे पाठवत राहायचं. दर 5 सेकंदांनी नोंद पाठवली तर दोन नोंदींमध्ये 250 पॅकेटं निघून गेलेली असू शकतात. म्हणून स्टँडबायने शेवटच्या नोंदीपासून निदान 500 पुढे उडी मारून पाठवायला सुरुवात करावी. पलीकडच्याला तेवढी पॅकेटं हरवल्यासारखी दिसतील, त्याने बिघडत नाही. मागे जाणं मात्र कधीही नको.

चाचणीसाठी 22 मिनिटं थांबायची गरज नाही. प्रयोगशाळेत सुरुवातीचा क्रमांक 65,000 ठेवा. 11 सेकंदांच्या आत मीटर फिरतो. (प्रत्यक्ष वापरात सुरुवात 32,768 च्या खालीच हवी, नाहीतर पहिलीच काही पॅकेटं हरवली तर सुरुवातीलाच हा घोळ होतो.) मग मुख्य सर्व्हर बंद पाडा. पडताळणीत नापास झालेल्या पॅकेटांचा आकडा वाढता कामा नये, आणि एका किल्लीखाली एका स्रोताचा एकच 48 बिटी क्रमांक दोनदा पाठवला गेलेला दिसता कामा नये. पहिली गोष्ट बरेच जण तपासतात, दुसरी राहून जाते.