सा कुठे असतो?

(दृश्य: अमळनेर. मे महिना, रात्रीचे साडेअकरा. गच्चीवर ओळीनं खाटा. एका खाटेवर मोबाईलचा उजेड.)

दिवसभर तापलेलं घर रात्री बारापर्यंत निवत नाही, म्हणून मे महिन्यात आमच्याकडे अर्धी गल्ली गच्चीवर झोपते. शेजारच्या गच्चीवर कुणी क्रिकेट बघतं, कुणी खान्देशी गाणी लावतं. दोन वर्षांपूर्वी मी इथंच, खाटेवर पडून, कानात हेडफोन घालून संगीत शिकायला सुरुवात केली. वय एकोणचाळीस. धंदा फ्लेक्स छपाईचा. गाण्याशी घराचा संबंध एवढाच, की वडील भजनात टाळ धरायचे.

पहिल्या व्हिडिओत एका मुलानं कीबोर्डची पांढरी पट्टी दाबली आणि म्हणाला, हा सी. दुसऱ्या व्हिडिओत एका बाईंनी तीच पट्टी दाबली आणि म्हणाल्या, हा सा. मी वहीत लिहिलं: सी म्हणजे सा. खाली दोन रेघा मारल्या.

(दृश्य: वहीचं पान.)

तिसऱ्या व्हिडिओतले गुरुजी काळी चार, म्हणजे सीपासून मोजलेली चौथी काळी पट्टी, लावून बसले आणि तिलाच सा म्हणायला लागले. मला वाटलं, यांचंच चुकतंय.

फुकट शिकण्यात ही एक गंमत असते. धडे हजारो, पण पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे कुणी सांगत नाही. मी दहा थाट, म्हणजे राग ज्यांत वाटून ठेवतात ते सुरांचे साचे, आधी पाठ केले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, सगळे. पाढ्यांसारखे धडाधड म्हणायचो. त्यातला एकही कानानं ओळखता येत नव्हता. संगीतशास्त्री भातखंड्यांनी हे दहा खण पाडले ते आधी गावोगाव फिरून, उस्तादांच्या चिजा, म्हणजे बंदिशी, ऐकून, उतरवून घेतल्यावर. मी खणच घेऊन बसलो होतो, आत ठेवायला काही नव्हतं.

(दृश्य: बँडची गाडी. ताडपत्रीखाली कीबोर्ड. नाना घाम पुसतात.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बँडची गाडी उभी असते. तिथले नाना कॅसिओ वाजवतात. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आमच्याकडे तो कॅसिओच. लग्नसराईत नानांना बसायला वेळ नसतो. हळद, वरात, पुन्हा हळद. एका हळदीत मी त्यांच्या मागे उभा होतो. गाणारा ओरडला, "नाना, काळी तीन!" नानांनी एक बटण सहा वेळा दाबलं आणि परत त्याच पांढऱ्या पट्टीवरून वाजवायला लागले, जिथून मघाचं गाणं वाजवत होते. बोटं तीच. आवाज मात्र चढला.

ते बटण म्हणजे ट्रान्स्पोज. मी विचारलं, नाना, हे काय झालं? नाना वाजवता वाजवता म्हणाले, "बोटे त्याच ऱ्हातस भाऊ, बाजा सरकस."

बोटं तीच राहतात, पेटी सरकते. मी तीन महिने जे शोधत होतो ते हळदीच्या मांडवात, जनरेटरच्या आवाजात, एका वाक्यात मिळालं.

(दृश्य: पेटीवर बोट, एकेक पट्टी मोजताना.)

आता नीट बघा. पेटीत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या झाल्या, की तेरावीला पहिलाच सूर वरच्या आवाजात परत येतो. सी हे एका पट्टीचं नाव आहे, घर नंबर म्हणा. सा हे पट्टीचं नाव नाही. तुम्ही जिथं बैठक मारता तो सा. मग तिथून पावलं मोजायची: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. बेरीज बारा. हे शुद्ध सूर, बिलावल थाट, इंग्रजी शिकवणाऱ्यांचा मेजर स्केल.

पांढरी एक, म्हणजे सी, सा धरली तर सगळी पावलं पांढऱ्यांवरच पडतात. म्हणून नवशिक्यांना तिथून शिकवतात, आणि म्हणूनच नवशिके माझ्यासारखे फसतात. पांढरी दोनवर बसून बघा. ग येतो काळी तीनवर आणि नी काळी एकवर. काळ्या पट्ट्या म्हणजे कोमल, उतरलेले सूर, असं मी दुसऱ्या पानावर लिहून ठेवलं होतं. तेही खोडलं. ग आणि म, नी आणि सा यांच्यात एकच पाऊल असतं, हे मात्र कुठंही बसा, बदलत नाही.

तालाचं मला जड गेलं नाही. केरवा तालाच्या आठ मात्रा टाळांमुळे लहानपणापासून हातात आहेत. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथं त्या आपोआप अंगात शिरतात. तीनतालाच्या सोळा मोजल्या, एक, पाच, तेराला टाळी, नऊला खाली म्हणजे रिकामा हात, झालं.

सूर लिहायच्या लिपीनं पुन्हा घोळ घातला. एका पुस्तकाचे फोटो मोबाईलवर आले होते, त्यात सुरांच्या डोक्यावर टिंबं. मी सगळे वरच्या सप्तकात गायलो, घसा धरला. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचं टिंब तार, म्हणजे वरच्या सप्तकाचं, पायाशी असलं तर मंद्राचं, म्हणजे खालच्या. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला उभी रेघ. दोघांची नावं विष्णू, दोघांचं काम डोंगराएवढं, पण टिंबाबाबत एकमत करून गेले असते तर आमच्या शेजाऱ्यांचे हाल वाचले असते.

चुकतंय हे समोरून कुणी सांगत नाही, हे खरं दुखणं. बालगंधर्वांना गाण्याचे पहिले धडे आमच्या जळगावात, महेबूबखाँकडे मिळाले. समोर माणूस होता. सूर हलला की त्याची भुवई हलत असणार. माझा मोबाईल मी कितीही बेसूर गायलो तरी पुढचा व्हिडिओ लावतो.

(दृश्य: श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार. खान्देशातल्या कानबाई देवीचा चौरंग, नारळ, रोटांची परात. बायका गातायत.)

मग मी सूर मोजायचं ॲप घेतलं. कानबाईच्या रात्री काकू गायला बसल्या तेव्हा मोबाईल हळूच त्यांच्या गुडघ्याजवळ ठेवला. काटा काळी चारच्या थोडा खाली थरथरत होता. कुठल्याच पट्टीवर नाही, दोन पट्ट्यांच्या मधे. सोमवारी सकाळी, रात्रभराच्या जागरणानंतर, विसर्जनाला निघताना तेच गाणं. आता घसा बसलेला, काटा काळी दोनच्या आसपास. गाणं तसूभर हललं नव्हतं. चारच सूर, पण त्यांच्यातली अंतरं जिथल्या तिथं.

काकूंना काटा दाखवला. त्या म्हणाल्या, "मोबाईलले काय समजस? जठून गळा निंघस, तठून गानं."

(दृश्य: मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप. शेजारी पेटी.)

रात्री आता मी व्हिडिओ कमी बघतो, तानपुरा लावून बसतो. प, सा, सा, खालचा सा. पाचेक मिनिटं नुसतं ऐकलं की तारेत न जुळवलेला ग ऐकू यायला लागतो. कुणी वाजवत नसतं, खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या तारेतूनच तो उमटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ॲप बिघडलं असं वाटलं होतं.

त्या गाला गळा लावला आणि मग पेटीचा ग दाबला, तर जुळेना. हिशेब सोपा आहे. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्यातला ग ३०० वर येतो. पेटीचे बारा भाग सारखे पाडलेले, म्हणून तिचा ग सुमारे ३०२.४ वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात. ऐका.

(दहा सेकंद निवेदन नाही. फक्त दोन सूर.)

पेटीच्या या आखीव सुरांवरून मोठमोठ्यांची भांडणं झाली. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती ३० वर्षांहून जास्त टिकली. मी नानांना हे हेलकावे ऐकवले. त्यांनी दोनदा ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, वरातीत कुणाला ऐकू येतंय? तेही बरोबरच.

(दृश्य: बँडची गाडी, पावसाळा, काम नाही. नाना आणि निवेदक.)

पावसाळ्यात लग्नं नसतात. नाना माझी परीक्षा घेतात. पाठ फिरवून ट्रान्स्पोजचं बटण कितीही वेळा दाबतात, एखादं गाणं वाजवतात आणि मधेच थांबतात. मी सा गुणगुणून दाखवायचा. दहातले सहा बरोबर येतात. उरलेल्या चारांत मी बहुतेक वेळा प ला सा समजतो.

(दृश्य: वहीचं पान. 'सी म्हणजे सा' खोडलेलं. खाली ताज्या शाईत: काकू, रविवार, काळी चारच्या खाली. काकू, सोमवार, काळी दोन, घसा बसलेला.)