‘मी’ची ‘ती’ झाली

(दृश्य : हेलसिंकीतला पिट्कासिल्टा, म्हणजे लांब पूल. पहाट. एक ट्राम पुलावरून जाते.)

या पुलाच्या एका अंगाला पैसेवाल्यांचं शहर, दुसऱ्या अंगाला कामगारांच्या वस्त्या. गेल्या शतकात हेलसिंकीची वाटणी अशीच होती. फिनिश लेखिका आणि नटी पिर्को साइसिओ यांच्या लेखणीला पाणी मिळालं ते कष्टकऱ्यांच्या बाजूचं. जन्म १९४९चा, घर पक्कं कम्युनिस्ट.

आठ वर्षांची एक मुलगी. सकाळ झालीय, पण उठायचं जिवावर आलंय. आणि तिच्या मनात एक वाक्य तयार होतं : तिला उठायचं नव्हतं. वाक्य स्वतःबद्दलच आहे, पण ‘मला’ नाही, ‘तिला’. ते वाक्य ती मनात घोळवते. त्या दिवसापासून ती जगतेही आणि स्वतःला जगताना बघतेही. साइसिओंनी हा क्षण आपल्या कादंबरीत लिहून ठेवला आहे. नटी आणि लेखिका, दोघी एकाच वेळी जन्माला आल्या त्या इथे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : रंगभूषेचा आरसा, भोवती पिवळे दिवे.)

१९७५ साली त्या नाट्यशाळेतून अभिनयाचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी पहिली कादंबरी आली, ‘एलॅमॅनमेनो’. कामगार वस्तीतली आई आणि तिची मुलगी. पदार्पणाच्या पुस्तकासाठीचा एर्को पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

मग त्यांनी मुखवटे घातले, तेही कागदावर. १९८६ मध्ये युक्का लार्सन या पुरुषी नावानं कादंबरी आली, पुढे आणखी दोन. १९९० मध्ये एवा वाइन या नावानं आणखी एक. नटी कपडे बदलते, यांनी लेखकच बदलला.

आता जरा भाषेकडे येऊ. फिनिश भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे, ‘हॅन’. क्रियापदही लिंग सांगत नाही. आपल्याकडे ‘मी आलो’ की ‘मी आले’, तोंड उघडलं की कळतंच. साइसिओंची माणसं मात्र पानंच्या पानं त्या एका ‘हॅन’मध्ये उभी राहू शकतात. मराठीत आणायचं म्हटलं, तर पहिल्याच ओळीला हात थबकेल.

त्यांच्या आत्मपर त्रयीची नावं पाहा. पहिल्या भागाचं नाव, १९९८चं, शब्दशः मराठीत होतं ‘लघुतम सामाईक विभाज्य’. हो, शाळेतला आपला लसावि! दुसरं ‘वास्तावालो’, पाठीमागून येणारा उजेड. आणि तिसरं, २००३चं, ‘पुनाइनेन एरोकिर्या’. याला मी ‘लाल सोडचिठ्ठी’ म्हणेन. डाव्या तरुणाईचा तो लाल रंग. आईपासून, पक्षापासून, प्रेमातल्या बाईपासून घेतलेली फारकत. याच पुस्तकाला फिनलंडिया हा तिथला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला.

(दृश्य : रात्र. एक बंद दार, त्याखालून येणारी उजेडाची रेघ.)

हे प्रेम सत्तरच्या दशकातलं, बाईचं बाईवरचं. फिनलंडमध्ये ते १९७१पर्यंत गुन्हा होतं, १९८१पर्यंत आजार. त्याला जाहीर ‘उत्तेजन’ देणं तर १९९९पर्यंत कायद्याविरुद्ध. त्या बंद दारांमागचे बार, त्यातली भीती आणि त्यातलं हसू, दोन्ही साइसिओंनी लिहिलं. हसू त्यांनी कधी सोडलं नाही. २०११ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहात त्यांनी ‘होमो!’ नावाचं संगीत नाटक लिहून बसवलं. ज्या विषयावर लोक दबक्या आवाजात बोलत, तो थेट गाण्यांनिशी राष्ट्रीय रंगमंचावर आला.

पिर्यो होंकासालो या चित्रपट दिग्दर्शिका त्यांच्या आयुष्याच्या जोडीदार. साइसिओंच्या १९८१च्या कादंबरीवरून होंकासालोंनी २०१३ मध्ये ‘बेटोनियो’ हा कृष्णधवल चित्रपट केला. म्हणजे काँक्रीटची रात्र.

१ मार्च २०१७. फिनलंडमध्ये दोन स्त्रियांना लग्न करता येऊ लागलं. ‘लाल सोडचिठ्ठी’ तोवर चौदा वर्षांची झाली होती.

(दृश्य : पुन्हा तोच पूल. ट्राम थांबते. दार उघडतं. आत कोण चढलं, ‘तो’ की ‘ती’, ते दिसत नाही.)