फुलीच्या जागी काय असते?

[दृश्य: वर्गाची फरशी, खडूने आखलेला आयत]

हा आयत चौदा ओळींचा असून त्याच्या प्रत्येक ओळीत तेवीस घरे आहेत. चाळीसगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या या शाळेत चौथीचा वर्ग आज २३ × १४ हा गुणाकार करीत आहे. वह्या मात्र अजून दप्तरातच आहेत, कारण बाईंनी आज त्या शेवटी काढायला सांगितल्या आहेत.

बाई आयतात दोन रेषा ओढतात. उभी रेषा तेविसाचे वीस आणि तीन असे भाग पाडते, तर आडवी रेषा चौदाचे दहा आणि चार असे. आता चार कप्पे झाले. वीस गुणिले दहाच्या मोठ्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या दोन शतकपाट्या, म्हणजे शंभर-शंभर घरांच्या पाट्या, नेमक्या बसतात. त्यांच्या खाली दहा-दहा घरांचे आठ दशकदांडे आडवे, बाजूला तीन दशकदांडे उभे आणि उरलेल्या लहानशा कोपऱ्यात बारा सुटे.

[दृश्य: मुलांचे हात. येथे निवेदन नाही.]

बारा सुट्यांपैकी दहा देऊन मुलांनी एक दांडा घेतला. दांडे बारा झाले, तेव्हा त्यांतले दहा देऊन एक पाटी घेतली. तीन शतक, दोन दशक, दोन एकक, म्हणजेच ३२२. ज्याला आपण ‘हातचा’ म्हणतो, तो इथे खरोखरच एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला दिसतो.

आता फळा पाहा. उभ्या मांडणीत पहिली ओळ ९२ आहे आणि दुसऱ्या ओळीत फुली मारून २३ लिहिले आहेत. ‘एका घराने सरकायचे आणि फुली मारायची’ एवढेच सांगून अनेक वर्गांत हा धडा संपतो आणि मूल चौदातील एकाला एकच समजत राहते. वस्तुतः तो एक म्हणजे दहा आहे. दुसरी ओळ २३० ची आहे, ती आयताचे वरचे दोन कप्पे आहे. ९२ हे खालचे दोन. हे जोपर्यंत मुलाला दिसत नाही, तोपर्यंत त्याला फुलीचा नियम शिकवू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

मराठी मुलांना इथे आणखी एक पायरी चढावी लागते. ‘तेवीस’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग वीस, लिहिताना मात्र वीस आधी येतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. म्हणून बाई प्रत्येक संख्या आधी फोडून म्हणवून घेतात. तरीही याच एकोणतिसाचा उपयोग करून एका मुलीने २९ × १४ तोंडी सोडवले: तीस चोक एकशे वीस, तीस दाहे तीनशे, मिळून चारशे वीस, त्यातून चौदा वजा, चारशे सहा.

[दृश्य: पाटण, डोंगर, मंदिराचा परिसर]

शाळेच्या याच तालुक्यात पाटण आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केल्याचे १२०७ मधील शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ आणि १२ यांचा गुणाकार विचारला आहे आणि तो अनेक रीतींनी करता येतो. बाराचे आठ आणि चार करा: १०८० आणि ५४०. किंवा स्थानांप्रमाणे दहा आणि दोन करा: १३५० आणि २७०. दोन्हीकडे १६२० च येतात. गुणक फोडणे ही नव्या पाठ्यपुस्तकांनी आणलेली कल्पना नव्हे. ती या मातीत साडेआठ शतकांपूर्वी लिहिली गेली आहे.

पुढे बैजिक राशींच्या, म्हणजे अंकांऐवजी अक्षरे असलेल्या राशींच्या, गुणाकारातही हेच चार कप्पे उपयोगी पडतात.

[दृश्य: पुन्हा वर्ग]

आता वह्या निघाल्या आहेत आणि फळ्यावर २०७ × ३६ लिहिले आहे. बहुतेकांनी आयताचे शतक आणि एकक असे दोनच उभे भाग पाडले. मागच्या रांगेतल्या एका मुलाने मात्र दशकांसाठीही मध्ये अरुंद कप्पा आखला आहे आणि त्यात किती दांडे ठेवायचे, हे तो शेजाऱ्याला विचारत आहे.